कुणालाही सुचलं असतं

जळगावात भाड्यानं राहायला गेलो त्याच्या पहिल्याच आठवड्यात मी घरमालकांच्या शेडमध्ये पाण्याची बादली रिकामी केली. परसातल्या त्या पत्र्याच्या शेडमधून धूर येत होता, दारातून ठिणग्या दिसत होत्या, आणि भाडेकरू नवा असला की त्याच्या अंगात जरा जास्तच चांगुलपणा असतो. पाणी पडल्याबरोबर आत असा भडका उठला की मी बादलीसकट मागे कोलमडलो. धुरातून मालक बाहेर आले. भुवया करपलेल्या, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही.

"पाणी कुणी टाकलं?"

"मी."

"का टाकलं?"

"आग लागली म्हणून."

"बरोबर. आग दिसली की पाणी सुचतं. कुणालाही सुचतं," ते म्हणाले, आणि आपलंच काहीतरी सिद्ध झाल्यासारखे समाधानानं परत आत गेले.

ओट्यावर त्यांच्या पत्नी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "रोजनं शे ते, भाऊ," त्या अहिराणीत म्हणाल्या. "तुम्ही चहा ल्या."

मालकांना सगळं गाव आबा म्हणायचं आणि त्यांच्या पत्नीला अक्का. मी ज्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो होतो तिथेच आबा पदार्थविज्ञान शिकवत. म्हणजे दिवसभर ते माझे वरिष्ठ आणि संध्याकाळी माझे मालक. दोन्ही नात्यांत त्यांनी मला कधी त्रास दिला नाही. मात्र दोन्हीकडे प्रश्न विचारले.

त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात कायम एक चुंबक असायचं. कुठल्याशा बंद पडलेल्या लाउडस्पीकरच्या पोटातून काढलेलं, चांगलं ओंजळभर. या चुंबकाच्या पायी आबांना बाजारात एकटं पाठवायची सोय नव्हती. एकदा भाजीवालीचं छटाकाचं वजन त्यांच्या कोटाला चिकटून घरी आलं आणि अक्कांनी त्यांना त्याच पावली परत धाडलं. प्राचार्यांशी आबा फार जवळ जाऊन, त्यांचा हात हातात घेऊन बोलायचे. थोड्याच दिवसांत प्राचार्यांचं मनगटी घड्याळ भलतं पुढे धावायला लागलं. त्यामुळे प्राचार्य रोज सगळ्यांच्या आधी हजर आणि आम्ही सगळे रोज उशिरा. आम्हाला समज देणारी पत्रं मिळू लागली. शेवटी बाजारातल्या एका घड्याळजीनं घड्याळ उघडून विचारलं, "साहेब, तुमचं बसणं-उठणं कुणाजवळ असतं?" तेव्हापासून आबांनी टेबलाच्या पलीकडूनच बोलायचं असा नियम झाला. आबांना नियम मान्य होता. त्यांनी फक्त टेबल किती रुंद हवं ते गणित करून दिलं.

पेपर तपासायला बसले की त्यांच्या जवळ जाऊ नये. एका मुलानं बरोबर उत्तर लिहून मग ते खोडलं होतं आणि खाली चुकीचं लिहिलं होतं. आबांनी त्याला पूर्ण मार्क दिले. मी म्हटलं, "आबा, त्यानं स्वतःच खोडलंय." ते म्हणाले, "खोडल्यानं उत्तर चुकत नाही. मुलगा चुकला. उत्तर बरोबर आहे." विद्यापीठातून विचारणा आली तेव्हा त्यांनी हेच वाक्य इंग्रजीत लिहून पाठवलं, आणि ते इंग्रजी माझ्याकडून करून घेतलं.

शेडमध्ये जळत होतं ते काय, हे कळायला मला महिना लागला. त्या काळात परदेशात एका नव्या जातीच्या चुंबकाचा बोलबाला सुरू झाला होता. दुर्मिळ मृदा म्हणतात अशा धातूंपैकी एखादा घ्यायचा, त्यात कोबाल्ट मिसळायचा, दोन्ही एकत्र वितळवायचे, त्या ठिसूळ गोळ्याची मैद्यासारखी पूड करायची, ती साच्यात दाबायची आणि भट्टीत भाजायची. सुपारीएवढं चुंबक आबांच्या खिशातल्या धोंड्याला लाजवील, असं ते मला हातवारे करून सांगायचे. सिगारेटच्या लायटरमध्ये जो खडा असतो तोही याच घराण्यातला. "खडा घासला की ठिणगी उडते ना? मग तोच दळला तर काय होईल?" आबा विचारायचे. काय होतं ते मी बादली घेऊन पाहिलंच होतं. पूड जितकी बारीक, तितकी ती हवेला चवताळते. जळली नाही तरी गंजते, आणि गंजलेल्या पुडीचं चुंबक होत नाही.

पुण्याच्या एका मित्राच्या प्रयोगशाळेतून आबांना वितळवलेल्या धातूचा गोळा पार्सलनं यायचा. तो दळून, दाबून आबा परत पुण्याला भाजायला पाठवायचे. मधलं काम त्यांचं, आणि सगळा घोळ त्या मधल्या कामातच होता. मी राहायला गेलो तेव्हा खरं म्हणजे हा घोळ त्यांनी सोडवलेला होता. आग लागायची ती ते जुन्या पद्धतीनं पुन्हापुन्हा करून बघायचे म्हणून. आपली नवी पद्धत नसेल तर किती वाईट होतं, हे बघून त्यांना फार बरं वाटायचं.

नवी पद्धत ऐकाल तर हसाल. पूड तेलात वाटायची. ओलीच साच्यात घालायची, दोन्ही बाजूंनी विजेचं चुंबक लावून कण एका दिशेला वळवायचे, आणि तसंच सरकीच्या पेंडीसारखं जाड कापडातून दाबायचं. तेल निथळतं, पूड आत राहते, हवा शेवटपर्यंत तिच्या वाटेला जात नाही. उरलंसुरलं तेल नंतर धुऊन काढायचं. झालं. पहिलं चुंबक पुण्याहून भाजून आलं तेव्हा आबांनी ते मला दाखवायला आणलं आणि ते माझ्या खाटेच्या लोखंडी दांडीला जाऊन चिकटलं. ते निघेना. आम्ही दोघांनी मिळून ओढलं. आबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, बघ तरी."

अक्का दारात आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "त्यामा काय एवढं?" आणि परत चुलीकडे गेल्या.

मला तेव्हा त्यांचा राग आला. माणूस भुवया जाळून घेतो आणि त्याच्या बायकोला त्यात काही वाटू नये, हे मला बरं दिसलं नाही. आबांना मात्र राग आला नव्हता. त्यांचा चेहरा पडला. तो का पडला हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

याच सुमारास देशात नवा पेटंट कायदा आला होता. आबांनी तो मागवून घेतला आणि माझ्या पुढ्यात टाकला. कायदा म्हणत होता की शोध नवा असून भागत नाही. त्या धंद्यातल्या जाणकार माणसाला तो आपसूक सुचण्याजोगा असेल तर पेटंट नाही. मी हे मराठीत सांगितलं, "सहज सुचणारं नको."

"सहज म्हणजे किती सहज?"

"तसं मोजमाप नसतं, आबा."

"मोजमाप नाही आणि कायदा केला?" पदार्थविज्ञानाच्या माणसाला हे पटणं शक्यच नव्हतं. "ठीक आहे. मग मीच मोजतो."

आणि आबा मोजायला बाहेर पडले. मुंबईच्या एका पेटंट एजंटनं त्यांना बजावलं होतं की अर्ज दाखल होईपर्यंत पद्धत कुणाला सांगायची नाही. आबांनी ते तंतोतंत पाळलं. ते पद्धत सांगायचे नाहीत, फक्त प्रश्न विचारायचे. "समजा एक पूड आहे. बारीक करायला गेलं की पेट घेते. पाणी टाकलं तर जास्तच पेटते. तर काय कराल?" हा प्रश्न त्या वर्षी जळगावात ज्याला विचारला गेला नाही असा माणूस एकतर आजारी असेल किंवा परगावी.

न्हावी म्हणाला, हिवाळ्यात करा. सावद्याचा एक केळीचा व्यापारी म्हणाला, केळीच्या पानात गुंडाळून ठेवा, थंड राहते. एरंडोलच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं की बारीक करूच नका, जाडच ठेवा, काय बिघडतं? आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रमुखांनी सगळी खोली नायट्रोजननं भरायचा सल्ला दिला, आणि माणूस आत श्वास कसा घेईल असं विचारल्यावर ते रागावले. भजीवाल्यानं तर आबांनाच विचारलं, "पन असली पूड करनी कसाले?"

प्रत्येक चुकीच्या उत्तराला आबांचा चेहरा खुलायचा. "शाब्बास," ते म्हणायचे, "चुकलं." चुकणाऱ्याला चहा मिळायचा. न्हाव्यानं अर्धी दाढी झाल्यावर उत्तर दिलं, तर आबा उठून त्याला चहाला घेऊन गेले, आणि परत यायचं विसरून अर्ध्या दाढीनिशी कॉलेजात आले. गाव उत्तरं द्यायला चढाओढ करू लागलं. चुकण्यातच फायदा होता. एकंदरीत आबांच्या हातून जळगावात त्या वर्षी जितक्या लोकांना नापास होण्याचा आनंद मिळाला तितक्यांना कुठल्याही परीक्षेत मिळाला नसेल.

पण त्यांची घालमेलही व्हायची. जन्मभर शिकवलेला माणूस. समोरच्यानं चुकीचं उत्तर दिलं की त्यांच्या ओठावर बरोबर उत्तर यायचं. ते गिळायला त्यांना फार कष्ट पडायचे. मी एकदा त्यांना चहाच्या दुकानात तोंडावर हात दाबून बसलेलं पाहिलं. मला वाटलं, दाढ दुखतेय.

"आता पुरे करा," मी म्हणायचो. "एवढ्या लोकांना विचारलंत. एकालाही आलं नाही."

"अजून थोडे," आबा म्हणायचे. "जितके जास्त तितकं बरं."

मग एका रविवारी ते मला घेऊन धुळ्याला निघाले. कायद्यात धंद्यातला जाणकार म्हटलंय, तर धंद्यातला माणूस गाठायला हवा. धुळ्यात आग्रा रोडच्या मागे एका शेडमध्ये लाउडस्पीकरची साधी चुंबकं तयार व्हायची. मालक मूळ राजस्थानातल्या घराण्यातले; त्यांना सगळे भाईजी म्हणत. गोरेगोमटे, मृदू बोलणारे. त्यांनी आम्हाला बसायला गादी दिली, ताक दिलं आणि आबांचा प्रश्न पूर्ण ऐकून घेतला.

"विचार करून सांगतो, सर," ते म्हणाले.

आबांनी वाट पाहिली. भाईजींनी आणखी ताक मागवलं. कुटुंबाची विचारपूस केली. पारोळ्याच्या रस्त्याची स्थिती विचारली. उत्तर दिलं नाही.

परतीच्या बसमध्ये आबा खूश होते. "बघा, धंद्यातल्या माणसालाही येत नाही."

"आबा, ते काही बोललेच नाहीत."

"न बोलणं म्हणजे न येणं. वर्गात मी हेच धरतो."

एरंडोल मागे पडल्यावर मी त्यांना सरळच विचारलं की हे पेटंट तुम्हाला कशाला हवंय. चुंबकाचा कारखाना काढण्याची त्यांची ना ऐपत होती, ना इच्छा. ते खिडकीबाहेर कपाशीची शेतं बघू लागले. मग म्हणाले, "सगळी नोकरी मी दुसऱ्यांना सुचलेलं शिकवण्यात घालवली. अमक्याचा नियम, तमक्याचा सिद्धांत. फळ्यावर किती नावं लिहिली असतील. त्यात माझं एकही नाही. तर मला एकदा कुणीतरी शिक्का मारून सांगायला हवंय, की हे ह्याला सुचलं. दुसऱ्या कुणाला नाही सुचलं. बस्स, एवढंच." माझा हात त्यांच्या खिशातल्या चुंबकाजवळ होता, माझं घड्याळही बिघडणार होतं, पण मी हात काढला नाही. त्या क्षणापासून ते पेटंट त्यांना मिळावं असं मला मनापासून वाटायला लागलं.

अर्ज मी इंग्रजीत लिहिला, एजंटनं तो कायद्यात बसवला. दाखल झाल्यावर आबांनी आधी अक्कांना तो मोठ्यानं वाचून, मराठीत उलगडून सांगितला. पूर्ण तासभर. अक्का गहू निवडत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "तेलमा वाटानं, आसंच ना? त्यामा काय एवढं?" या वेळी मी न राहवून म्हटलं, "अक्का, साऱ्या गावाला सुचलं नाही ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि सूप झटकून आत गेल्या. आबा घाईघाईनं कागद आवरू लागले.

यथावकाश अर्ज स्वीकारून जाहीर झाला. जाहीर झाल्यावर ज्याला वाटेल त्याला हरकत घेता येते, आणि हरकत आली धुळ्याहून. भाईजींची. त्यांचं म्हणणं मुद्देसूद होतं. साध्या चुंबकाची पूड ओली करून दाबतात, ते पाण्यात. त्यांच्या शेडमध्ये रोज होतं. सोडियम हवेला पेटतो म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत तो रॉकेलमध्ये ठेवतात. तेही कुणीही पाहिलेलं. या दोन माहीत असलेल्या गोष्टी शेजारी ठेवल्या की तेलात ओली करून दाबायची पद्धत आपोआप सुचते. यात शोध कसला?

आबा आधी चिडले, मग रंगले. "दोन्ही गोष्टी इतकी वर्षं शेजारी पडून होत्या ना? मग त्यांची सोयरीक कुणी जुळवली नाही ती का?" हा मुद्दा एजंटला इतका आवडला की त्यानं तो लिहून घेतला. शिवाय पुरावा म्हणून न्हावी, कंडक्टर, केळीचे व्यापारी आणि नायट्रोजनवाले प्रमुख, सगळ्यांची चुकीची उत्तरं सही-शिक्क्यानिशी तयार झाली. चुकल्याबद्दल सही करायला लोक आनंदानं आले.

सुनावणी मुंबईत होती. मी सोबत गेलो. अधिकारी सावळे, शांत, आमच्याच भाषेचे निघाले, त्यामुळे इंग्रजीत सुरू झालेलं काम हळूहळू मराठीवर आलं. भाईजी स्वतः आले होते. त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, राग मानू नका. तुम्हाला हक्क मिळाला तर उद्या माझ्याच शेडमध्ये तेलाची बरणी उघडायला मला तुमची परवानगी लागेल." आबा म्हणाले, "त्या दिवशी उत्तर का दिलं नाहीत?" भाईजी म्हणाले, "विचारल्याबरोबर उत्तर द्यायला मी काय वर्गात बसलो होतो?" यावर आबांनाही हसू आलं.

सुनावणी आमच्या बाजूनं चालली होती. अधिकाऱ्यांनी चुकीच्या उत्तरांचा गठ्ठा वाचला. केळीच्या पानापाशी ते थांबून हसले. सोयरिकीचा मुद्दा त्यांना पटल्यासारखा दिसला. एजंटनं मला खालून चिमटा काढला. मग अधिकाऱ्यांनी कागद बाजूला ठेवले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "एवढ्या लोकांना तुम्ही प्रश्न केलात. न सांगता, स्वतःहून, तेल असं एकानंही म्हटलं नाही?"

एजंटनं आबांकडे बघून हळूच मान हलवली. नाही म्हणा, म्हणजे संपलं.

आबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"एकीनं म्हटलं," ते म्हणाले.

एजंट जागच्या जागी गार झाला.

"कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आमच्या घरातून. सगळ्यांत आधी तिलाच विचारलं होतं, साहेब. दुसऱ्या कुणालाही विचारायच्या आधी. लोणच्याचे दिवस होते. ती बरणी भरत होती. मी म्हटलं, अशी अशी पूड आहे, हवा लागली की बिघडते, काय करावं? तिनं मान वर केली नाही. म्हणाली, तेलात वाटा आणि तेलातच ठेवा."

"नोंदीसाठी नाव सांगा."

इथे आबा अडले. आमच्याकडे त्या पिढीत नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. 'अगं', 'ऐकलं का', यावर संसार पार पडायचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला तरी कुठे माहीत होतं? मी त्यांना अक्का म्हणूनच ओळखत होतो. शेवटी आबांनी मान खाली घालून, लग्नात उखाणा घ्यायला उभ्या केलेल्या मुलासारखं, हळूच नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते सांगायचा हक्क त्यांचा होता आणि त्यांनी तो बजावला.

अधिकारी खरोखरच भले होते. ते म्हणाले, "हे पाहा, कायदा त्या धंद्यातल्या जाणकार माणसाबद्दल बोलतो. तुमच्या पत्नी गृहिणी आहेत. त्यांचं उत्तर इथे धरायचं कारण नाही."

आमचा एजंट उडी मारून उठला. "अगदी हेच, सर. त्या मोजल्याच जात नाहीत."

"जातात," आबा म्हणाले. "हवा लागून जिन्नस खराब होऊ नये, हे तिचं रोजचं काम आहे, साहेब. मी प्राध्यापक माणूस. आमच्या दोघांत त्या धंद्यातलं जाणकार कोण असेल तर तीच. तिला मोजायचं नसेल तर मग न्हाव्यालाही मोजू नका."

भाईजींच्या वकिलानं उभं राहून बोलायचं ठरवलं होतं. तो बसूनच राहिला. त्याला बोलायची गरजच उरली नव्हती. अर्ज नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर मी आबांवर चिडलो. वरिष्ठ, मालक, वय, काही पाहिलं नाही. "कुणी विचारलं होतं तुम्हाला अक्कांबद्दल? फक्त नाही म्हणायचं होतं."

ते पायरीवर बसले. "ते एक उत्तर बुडवण्यासाठीच मी गावभर हिंडलो हो," ते म्हणाले. "मला वाटलं, ढीगभर चुकीची उत्तरं जमवली की त्याखाली एक बरोबर उत्तर दिसेनासं होईल. नाही होत. मी रोज घरी जायचो तर ते चुलीपाशी बसलेलं असायचं."

मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. इतके दिवस मी त्यांच्या वेडावर हसत होतो आणि ते वेड नव्हतंच. एक साधं बरोबर उत्तर मान्य करायची ती टाळाटाळ होती. आणि ती त्यांनी नको त्या जागी, नको त्या वेळी संपवली. भाईजी आमच्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी आपला डबा उघडून आमच्या पुढे केला आणि आम्ही तिघांनी त्या पायरीवर बसून बेसनाच्या वड्या खाल्ल्या.

जळगावला गाडी सकाळी पोचली. घरी येऊन आंघोळी होईपर्यंत जेवायची वेळ झाली आणि अक्कांनी मलाही ठेवून घेतलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. आबा पाटावर बसले. अक्का भाकरी थापताथापता म्हणाल्या, "काय व्हयनं?"

"नही मिळनं."

"कसाले?"

आबांनी घास हातात धरला. "तुनं उत्तर बरोबर धरं त्यास्नी. तेलनं. मीच सांगं. नाव बी सांगं तुनं."

अक्कांचा हात परातीत तसाच राहिला. त्या आता काय म्हणणार ते मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती, इतकी वर्षं ऐकलेलं होतं. त्या ते म्हणाल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी ती उलटली नाही. पदरानं तोंड पुसलं, आणि मग माझ्या देखत, आबांकडे सरळ बघत बोलल्या.

"माले वाटे, तवय तुम्ही आयकंच नही."

आबा ताटाकडे बघत बसले होते. घास ताटात ठेवून म्हणाले, "आयकं व्हतं."